मावशी लेव्हल

"मावशी, जरा आत या."

सरांची हाक आली तेव्हा मी जिन्यातली फरशी पुसत होते. बादली भिंतीकडे सरकवली. ओले हात ओढणीला पुसले. दाराशी चपला काढाव्यात की तसंच जावं, कळेना. काढल्या. आत गेले.

अंधेरी पूर्वेचा क्लास. दुसरा मजला. बँक, रेल्वे, पोलीस, ज्या ज्या भरतीला लेखी परीक्षा असते तिची तयारी इथे होते. एसी लावलेला, खिडक्या बंद, बाकाला बाक चिकटवलेले आणि पोरं खच्चून बसलेली. फळ्यावर सरांनी लिहिलेलं होतं.

शाळा : विद्यार्थी :: दवाखाना : ?

"वाचा मावशी. शाळा म्हटलं की विद्यार्थी. तसं दवाखाना म्हटलं की?"

मी दवाखाना डोळ्यांसमोर आणला. सरकारी. अक्काच्या पोटात गाठ निघाली तेव्हा आम्ही दोघी केसपेपरसाठी उभ्या राहिलो होतो, तो. पुढे माणसं, मागे माणसं. खिडकी उघडायची वाट बघणारी.

"रांग," मी म्हणाले.

आधी कुणाला कळलंच नाही. मग मागच्या बाकावरून सुरू झालं. हसू. ते पुढे पुढे आलं. एक पोरगा बाक बडवत होता. एक जण म्हणाला, "मावशी रॉक्स!" सरसुद्धा हसले. चष्मा काढून डोळे पुसले त्यांनी.

"रांग! वा! लिहून घ्या रे." मग पोरांकडे वळून म्हणाले, "उत्तर रुग्ण. हा प्रश्न मावशी लेव्हलचा आहे. म्हणजे मावशींना पण विचारता येईल इतका सोपा. हासुद्धा चुकला ना, तर उद्यापासून बादली घ्यायची आणि मावशींच्या हाताखाली लागायचं."

परत हसू.

आणि मीही हसले. सगळ्यांबरोबर. दात दाखवून. मग "चहा सांगू का सर?" असं विचारून बाहेर आले. जिन्यातलं पाणी वाळून त्याचे डाग पडले होते. पुन्हा पुसलं.

मावशी. मी तेव्हा तिशीचीसुद्धा नव्हते. त्या वर्गातली चार-पाच पोरं माझ्याहून मोठी होती. दोघांची लग्नं झालेली. तीही मला मावशीच म्हणायची. मुंबईत हातात झाडू असला की बाईचं वय कुणी विचारत नाही.

त्या दिवसापासून तो शब्द क्लासमध्ये राहायला आला. सोपा प्रश्न आला की सर म्हणायचे, "मावशी लेव्हल." पोरं आपसांत म्हणायची, "अरे यार, मावशी लेव्हलला वाट लागली माझी." मी पाण्याचा जार बदलत असायचे. पाठ त्यांच्याकडे. जिन्यात कुणी भेटलं की, "काय मावशी, आज रांग आहे का?" मी हसायचे. दर वेळी.

हे सांगताना सरांबद्दल वाईट बोलायला माझी जीभ अजून अडखळते. कारण सरांनी माझं खूप केलंय. खोटं कसं बोलू?

मी हिंगोलीकडची. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. आठवीची शाळा पुढच्या गावात, आणि माझी आई आजारी पडली ती त्याच साली. घरात धाकटी भावंडं. शाळा सुटली असं कुणी म्हणालं नाही. एक दिवस गेले नाही, मग दुसऱ्या दिवशी गेले नाही, मग कुणी विचारलंच नाही. पुढे लग्न झालं, ते टिकलं नाही, आणि मी भांडुपला अक्काकडे आले. अक्का माझी मोठी बहीण. टेकडीवरच्या वस्तीत तिची एक खोली. ती मुलुंडला तीन घरी स्वयंपाक करते. तिच्या ओळखीतल्या एका बाईंनी सरांचं नाव सांगितलं. लिंक रोडच्या बसने अंधेरीला गेले. दारात उभी राहिले.

"नाव?" सरांनी विचारलं. सांगितलं.

"आडनाव?"

ते मी हळू सांगितलं. हळू सांगायची सवय आहे मला. गावात सगळ्यांना ठाऊकच असायचं, तिथे सांगावं लागत नव्हतं. इथे सांगावं लागतं आणि सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा बघावा लागतो. सर नुसतं "बरं बरं" म्हणाले. मला तेवढ्याचाच केवढा आनंद झाला.

मला टायफॉइड झाला तेव्हा सरांनी पगार कापला नाही. सरच म्हणाले, "अगं, सातवी झालीय ना तुझी? बाहेरून दहावी दे की." पुस्तकंही त्यांनीच आणून दिली. मी पास झाले तेव्हा वर्गात पेढे वाटले. एकट्यात सर मला तू म्हणत, अगं म्हणत. पोरांसमोर मावशी, तुम्ही, या, बसा. त्या अगंमध्ये माया होती असं मला वाटायचं. अजूनही वाटतं. हाच तर सगळा घोळ आहे.

आता ज्या गोष्टीवर मी आजही अडकते, ती सांगते.

'रांग'च्या आदल्या आठवड्यात मी सरांकडे अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली होती. एप्रिल महिना. आमच्या वस्तीतली जयंती. अक्काने आणि मी निळ्या काठाच्या पांढऱ्या साड्या घेतल्या होत्या.

"कसली सुट्टी?"

"जयंती आहे सर."

सरांनी मान वर केली. "अच्छा. जयंती. म्हणजे तुम्ही... बरोबर, बरोबर. आडनावावरून वाटलंच होतं मला." मग हसून म्हणाले, "जा, जा. नाचा."

बस, एवढंच. रागावले नाहीत. सुट्टी दिली. आणि पुढच्या आठवड्यात मला पहिल्यांदा वर्गात बोलावलं. त्याआधी कधीच नव्हतं बोलावलं.

रिझनिंगच्या, म्हणजे तर्काच्या पेपरात एक प्रकार असतो. विधाने आणि निष्कर्ष. दोन विधानं देतात. ती खरी धरायची, भले ती कितीही विचित्र असोत. मग खाली निष्कर्ष देतात आणि विचारतात, हा निघतो का? पहिलं विधान, तिने जयंतीची सुट्टी मागितली. दुसरं विधान, पुढच्या आठवड्यात तिच्या नावाने हसणं सुरू झालं. निष्कर्ष? पुस्तक म्हणेल, दिलेल्या विधानांवरून निष्कर्ष निघत नाही. मी कितीदा तरी हे सोडवून बघितलंय. बसमध्ये. भांडी घासताना. दर वेळी तेच उत्तर. निघत नाही. सिद्ध होत नाही. कुणाला सांगायला गेले तर तो हेच म्हणेल, अगं, तसं काही नसेल, उगीच डोक्यात घेतेस. नसेलही. पण माझं पोट मात्र ते पहिल्याच वाचनात समजलं होतं. पोटाला पर्याय लागत नाहीत.

मग मी तो विषय शिकायला घेतला. हट्टाने म्हणा. क्लासमध्ये झेरॉक्सचे कागद उरायचे. "घेऊ का सर?" "घे की, रद्दीच आहे ती." त्याबद्दलही मी आभार मानले.

फळ्यावर जे चालायचं ते दाराच्या काचेतून दिसायचं. ऐकू कमी यायचं. घरी अक्का पोळ्या लाटायची आणि मी तिच्या शेजारी कागद घेऊन बसायचे.

"अक्का, पोळपाटाला जसं लाटणं, तसा पाट्याला?"

"वरवंटा. ह्याची पण परीक्षा असती?"

"असते."

"मग मी कलेक्टर का नाही गं अजून?"

हसायचो. अक्काबरोबरच्या हसण्याने काही दुखत नाही. मग ती म्हणायची, "पण कशाला डोकं पिकवायलीस? चांगलं चाललंय. सर देवमाणूस आहे. हातचं घालवशील बघ."

पहिल्यांदा सगळंच चुकायचं. मी जे बघितलंय ते लिहायचे. त्यांना हवं असायचं ते वेगळंच. पोलीस : चोर, तसं शिक्षक : ? मी लिहिलं, छडी. हळूहळू मला कळलं की इथे आपलं आयुष्य बाहेर ठेवून आत जायचं असतं. त्या दिवशी मी चपला काढल्या होत्या, तसं.

पण सगळं बाहेर राहायचं नाही. त्या कागदांत ओळीच्या ओळी असायच्या. सुतार : रंधा. न्हावी : वस्तरा. लोहार : ऐरण. चांभार : आरी. कुंभार : चाक. प्रत्येकाच्या हातात ज्याचं त्याचं हत्यार कायमचं बांधून ठेवलेलं. सगळ्या कागदांत मिळून एकाही सुताराची पोरगी वकील झालेली नव्हती. एका प्रश्नात होतं, सफाई कामगार : ? खाली चार पर्याय होते. मी ते वाचलेच नाहीत. कागद दुमडला आणि उशीखाली ठेवला. तो तिथून मला दिसत राहायचा. कागद दिसत नव्हता, पण दिसायचा.

आणि ते बैठकीचे प्रश्न. आठ जण गोल टेबलाभोवती बसलेत. अमुक तमुकच्या उजवीकडे. तमुक मॅनेजर आहे. त्याच्यासमोर डॉक्टर. कोण कुठे बसलंय ते शोधा. मी शोधायचे. जमायलाही लागलं. पण एवढ्या टेबलांवर एवढी माणसं बसली, त्यांना चहा कोण आणून देतं, हे एकाही प्रश्नात नव्हतं.

मग एका मोठ्या हॉस्पिटलात आयांची भरती निघाली. कायम नोकरी. दहावी पास चालेल. लेखी परीक्षा, आणि त्यात निम्मे प्रश्न रिझनिंगचे. माझ्या आयुष्यात 'कायम' हा शब्द पहिल्यांदाच इतका जवळ आला होता. नवरा कायम नव्हता. खोली अक्काची. काम सरांच्या मर्जीवर. मला ती नोकरी हवी होती. इतकी की बोलून दाखवायचीही भीती वाटायची.

धीर करून सरांना म्हणाले, "सर, मला रविवारच्या सराव पेपरला बसू द्याल?"

सर खूश झाले. खरंच खूश झाले. "अगं वा! बस की! मागच्या बाकावर बस. फी-बी काही नको."

मी हात जोडले. रविवारी सकाळी आधी वर्ग झाडला, पाणी भरलं, मग त्याच वर्गात मागच्या बाकावर बसले. पेन घामाने निसटत होतं. तरी लिहिलं. वेळ संपली तेव्हा मला वाटलं, बरं गेलं. फार नाही. पण बरं.

सोमवारी निकाल दाराला लागला. आमच्या क्लासची ती पद्धतच होती. सगळ्यांची नावं, मार्क, वरून खाली. मी दार पुसायला गेले आणि मग वाचलं.

मी शेवटची नव्हते. माझ्याखाली सहा-सात नावं होती. एक क्षण, अगदी एक क्षण, माझ्या छातीत काहीतरी उजळलं.

मग लाल रेघ दिसली. सरांनी मार्करने ओढलेली. माझ्या मार्कांच्या बरोबर खालून. रेघेच्या टोकाला लिहिलं होतं, 'मावशी लाईन'. आणि त्याखाली, 'या रेषेखालच्यांनी विचार करावा.'

माझं नाव नव्हतं. बाकी सगळ्यांची पूर्ण नावं, आडनावांसकट. माझ्या जागी मावशी. अवतरण चिन्हात.

पोरं जमली. मोबाईलवर फोटो काढायला लागली. "अबे, तू मावशीच्या खाली!" "गेला रे गेला!" ज्याला बोलले तो हसत होता, पण त्याचे कान लाल झाले होते. मी फडकं घेऊन उभीच. पुढचं दार पुसायचं राहिलं होतं.

दुपारी बाथरूम धुवायला गेले तर आतून रडणं ऐकू आलं. मनोरीची मुलगी होती ती. मच्छीमारांच्या घरातली, रोज जेट्टीवरून होडीने मार्व्याला येऊन पुढे बसने अंधेरी गाठणारी. क्लासमधली एकटी तीच मला डब्यातलं द्यायची. सुकट, भाकरी. तिचं नाव रेघेच्या खाली होतं.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"घरी काय सांगू मी?" ती हुंदके देत म्हणाली. "ग्रुपवर फोटो टाकलाय कुणीतरी. माझा दादा पण आहे त्या ग्रुपवर. मावशींपेक्षा पण कमी! मावशींपेक्षा!"

मग तिला कळलं की समोर कोण उभंय. तिने तोंडावर हात ठेवला.

"सॉरी मावशी. सॉरी. तुमच्याबद्दल नाही म्हणाले मी."

"नाही गं," मी म्हणाले. "मला माहीत आहे." तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिला पाणी दिलं. ती तोंड धुऊन गेली.

ती गेल्यावर मी त्या बेसिनपाशी उभी राहिले. नळ चालू होता, तो बंद करायचं सुचत नव्हतं. रडावं असं वाटलं नाही. एक गोष्ट मात्र सरळ समोर आली, कुठलाही पर्याय न देता. ही पोर रडत होती ती मार्क कमी पडले म्हणून नाही. माझ्याखाली आली म्हणून. मी लिहिलेला पेपर, माझी मेहनत, माझे रविवार, हे सगळं घेऊन सरांनी त्यातून दुसऱ्यांना मारायची काठी केली होती. मी नापास झाले असते तर माझ्यावर हसले असते. मी बरी निघाले, तर माझ्यामुळे दुसरे रडले. म्हणजे मी कशीही निघाले तरी मी घाणच. जिच्या खाली जायचं नाही अशी घाण.

आणि त्या पोरीची मी समजूत काढली. तिने मला सॉरी म्हटलं आणि मी म्हटलं, नाही गं. मी अजूनही आभारच मानत होते. कुणाचे ते कळत नव्हतं, पण मानत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळची बॅच. सरांनी फळ्यावर प्रश्न लिहिला आणि हाक आली.

"मावशी, जरा आत या."

मी गेले. या वेळी चपला काढल्या नाहीत.

"चला मावशी. तुमची लाईन वर न्यायची आहे आपल्याला. वाचा."

प्रश्न मी वाचला. मनात.

"सर, मी सांगणार नाही."

"का? येत नाही?"

"तेही सांगणार नाही."

पोरं हसायच्या तयारीत होती. हसू अर्ध्यावर अडकलं. मला त्या प्रश्नाचं उत्तर येत होतं की नाही, हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. अक्कालाही नाही.

"काय झालं मावशी? बरं नाही का?" सर हसतच होते.

"सर, दारावरची रेघ काढा."

"अहो, गंमत आहे ती. उलट कौतुक आहे तुमचं."

"कौतुक असेल तर नाव लिहा. सगळ्यांचं लिहिलंय. मावशी काय?" माझा आवाज चिरकत होता.  "मी पेपर लिहिला सर. मी कुणाची मावशी म्हणून नाही लिहिला."

सरांचं हसू गेलं. त्यांनी मार्करचं टोपण लावलं. सावकाश. मग वर्गाकडे तोंड करून त्यांनी माझं नाव उच्चारलं. पूर्ण. नाव घाईत, आणि आडनाव थांबून, एकेक अक्षर वेगळं करून. फळ्यावर अवघड शब्द समजावून सांगतात तसं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ठीक आहे? हेच हवं होतं ना? हे लावू दाराला?"

दोन-तीन माना वळल्या. एका पोराने शेजाऱ्याकडे बघितलं. शेजाऱ्याने भुवया उडवल्या. तेवढंच. त्याहून जास्त कुणी काही केलं नाही. पण मी तो वर्ग रोज पुसत होते. त्या वर्गातली हवा बदलली की मला कळतं.

म्हणजे पोटाचं उत्तर बरोबर होतं. एप्रिलपासून बरोबर होतं.

मला वाटलं होतं, असा क्षण आला तर मी मरेन. इतकी वर्षं जे हळू सांगितलं, ते कुणी मोठ्याने, साठ माणसांसमोर म्हटलं तर जमीन फाटेल. तसं काही झालं नाही. एसीचा आवाज येत होता. मी उभी होते.

"हो सर," मी म्हणाले. "हेच लावा. पूर्ण लावा. आडनाव मोठ्या अक्षरात."

आणि वळून बाहेर आले.

सर बाहेर आले माझ्यामागून. दार ओढून घेतलं. आता पुन्हा अगं. "अगं, काय केलं नाही मी तुझ्यासाठी? दहावी कुणामुळे झाली? पोरांसमोर तमाशा केलास माझा?"

"तुमच्यामुळे झाली सर."

"मग?"

 मी दारावरचा कागद काढला. टाचण्या होत्या त्या काढून टेबलावर ठेवल्या, कुणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून. कागद फाडला नाही, चुरगाळला नाही. बादलीतल्या पाण्यात टाकला. लाल शाई सुटली. मग बादली धुऊन पालथी घातली आणि जिना उतरले.

घरी अक्काला सगळं सांगितलं. पोळी लाटता लाटता ती बोलली.

"नाव लिहून पोट भरतंय का? सांग ना. मी मुलुंडला ज्यांच्याकडे पोळ्या लाटते, त्यांना माझं आडनाव माहीत नाही. सांगितलंच नाही मी. चालतंय की माझं."

"चालतंय ना अक्का?"

ती लाटत होती, ती थांबली. मग पुन्हा लाटायला लागली. तो विषय तिने परत काढला नाही.

मी मरोळला औद्योगिक वसाहतीत कामाला लागले. औषधांच्या बाटल्यांवर लेबल चिकटवायचं. मशीन घरघरतं. त्या घरघरीत मला हाक ऐकू येते. मावशी, जरा आत या. मान वर करते. कुणी नसतं. कँटीनमध्ये पलीकडच्या टेबलावर चार जणी हसल्या की माझा घास थांबतो. त्या आपल्या मोबाईलमधल्या कशाला तरी हसत असतात. मला माहीत असतं. तरी थांबतो. आणि जोड्या. त्या तर पाठ सोडतच नाहीत. बाटली : लेबल. आता पुढचं काय? माणूस : काय? मी नको म्हणते तरी डोकं विचारत राहतं.

हॉस्पिटलची परीक्षा दिली. सेंटरवर माझ्यासमोर स्क्रीन उजळला आणि पहिलाच प्रश्न जोडीचा आला. सोपा होता. अगदी सोपा. आणि माझ्या मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. फक्त खोकलं. मला ते हसू वाटलं. बोट माऊसवर तसंच राहिलं. घड्याळ उलटं पळत होतं आणि मी त्या सोप्या प्रश्नाकडे बघत बसले होते, कारण हा चुकला तर आपण कोण, हे मला ठाऊक होतं. भानावर आले तेव्हा बराच वेळ गेला होता. पुढचे प्रश्न पळत पळत सोडवले. माझं नाव यादीत आलं नाही. थोडक्यात गेलं.

त्या दिवशी मला सरांचा जितका राग आला, तितका वर्गातसुद्धा आला नव्हता. रेघ दारावरून काढता आली. ती माझ्या डोक्यात ओढून ठेवली होती त्यांनी, मी कुठेही पेपर लिहायला बसले तरी सोबत यावी अशी. आणि मी समजत होते, ते मला शिकवत आहेत.

शिकवतही होते. दोन्ही खरं.

आता पुन्हा भरती निघाली आहे. दुसरं हॉस्पिटल, तीच जागा. फॉर्म भरला. मागच्या आठवड्यात मनोरीच्या मुलीचा फोन आला. ती मला आता ताई म्हणते. मी सांगितलं नव्हतं, तिनेच सुरू केलं.

"ताई, सर विचारत होते तुमचं. म्हणाले, तिला सांग, परत ये. रिझनिंगची बॅच फुकट देतो. मागचं मनात नाही माझ्या." मग हळू आवाजात म्हणाली, "फक्त एकदा सगळ्यांसमोर सॉरी म्हणा, असं म्हणाले."

अक्का ऐकत होती. हाताने खूण करून म्हणाली, म्हणून टाक. फोन ठेवल्यावर बोलली, "एक शब्द तर आहे. जीभ झिजती का? कायमची नोकरी आहे गं."

खरंच आहे. मला बॅच हवी आहे. एकटीने अभ्यास करताना जिथे अडते तिथे दिवसचे दिवस अडूनच राहते. सर चांगलं शिकवतात. त्यांच्या दाराच्या काचेतून जेवढं मिळालं, तेवढं मला दुसरीकडे कुठे मिळालं नाही. आणि ती नोकरी मला आजही तेवढीच हवी आहे.

तरी मी जाणार नाही. सॉरी म्हणणार नाही.

मी तसंच सांगितलं तिला, परत फोन लावून. ती म्हणाली, "बरं ताई." मग म्हणाली, "मी पण सोडतेय तिथलं." मी तिला सोड म्हटलं नाही, सोडू नको असंही म्हटलं नाही. ते तिचं तिने ठरवायचं.

भीती माझ्यासोबत येणार आहे, हे मला कळून चुकलंय. सेंटरवर कुणीतरी खोकणार. ते मला हसू वाटणार. बोट थांबणार. पण किती वेळ थांबायचं, ते या वेळी मी ठरवणार. नाही जमलं तर पुढच्या भरतीला बसेन. वयाची अट संपेपर्यंत बसेन. त्या अटीनंतर दुसरी कुठली परीक्षा असेल तर तिला बसेन. फॉर्मवर आडनाव आधी लिहितात, ते मी दर वेळी स्पष्ट लिहीन आणि कुणी विचारलं तर मोठ्याने सांगेन.

आणि ज्या दिवशी पास होईन, त्या दिवशी कुणाचेही आभार मानणार नाही.